टेकायची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी शिडी आहे. उघडली की चार पायांवर ठाम उभी राहते, मिटली की भिंतीला टेकून गप्प पडते. गप्प म्हणजे माणसांना वाटतं तेवढंच हं. माझी तिसरी पायरी कुरकुरते आणि माझा स्वभावही तसाच आहे. लोकांच्या घरी पाहुणे बैठकीपर्यंत जातात. मी तर स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत सगळीकडे जाऊन आले आहे. मग मी का बोलू नये?

माझं लाकूड उटनूरकडच्या रानातलं. गुडीहत्नूरच्या एका सुताराने मला घडवलं आणि महिपत पेंटरने पहिल्याच दिवशी माझ्यावर चुन्याची बादली सांडून माझं बारसं केलं. त्या काळी घर रंगवायचं म्हणजे चुन्यात थोडी नीळ घालायची आणि कुंचला मारायचा, झालं! पुढे डिस्टेंपर आलं, मग तेलरंग आला, मग डब्यातले प्लॅस्टिकचे रंग आले. आता तर एकाच रंगात बिनचमकीचा, बेताच्या चमकीचा आणि तोंड दिसेल इतका चकचकीत, असे प्रकार निघाले आहेत. दुकानदार त्यांना मॅट, सॅटिन आणि ग्लॉस म्हणतो. त्या सगळ्यांचे थेंब माझ्या अंगावर पडले. महिपत कौतुकाने म्हणायचा, "ही शिडी नाही, माही लक्ष्मी हाय." मी फुगून जायची.

मग ज्या वर्षी दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्या वर्षी माझंही नशीब बदललं.

मी आता ज्यांच्या घरी असते ते उद्धवराव आदिलाबादला सरकारी कचेरीत नोकरीला. जिल्हा फुटणार म्हटल्यावर कपाटं, फायली आणि माणसं, सगळ्यांच्या वाटण्या सुरू झाल्या. कोणी निर्मलला, कोणी मंचेरियालला, कोणी आसिफाबादला. आपल्याला कुठे टाकतात या धास्तीत उद्धवरावांनी घराचा रंग लांबणीवर टाकला होता. भाऊबंद विचारायचे, "भिंती पांढऱ्याच काऊन ठेवल्या?" तेव्हा ते म्हणायचे, "उद्या सामान बांधा लागलं तर?" शेवटी हुकूम आला. आदिलाबादलाच राहायचं! त्या आनंदात दिवाळीच्या तोंडावर महिपतला बोलावणं गेलं आणि महिपतबरोबर मी आले.

उद्धवरावांच्या बायको वनमालाबाई शाळेत शिकवतात. दुकानातून रंगांची कार्डं आणून त्यांनी बैठकीसाठी बदामी मॅट निवडला. निवड अगदीच काही वाईट नव्हती. बैठकीच्या भिंतीचं प्लास्टर उंचसखल होतं आणि मॅटमध्ये असे उंचवटे दिसत नाहीत. मागची खोली मात्र उद्धवरावांनी स्वतःच्या हट्टाने ठरवली. ती होती त्यांच्या वडिलांसाठी, डोमाजींसाठी. डोमाजी तामसीकडच्या एका खेड्यात राहायचे. बायको बयनाबाई वारल्यापासून एकटेच होते, आणि दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर ते कायमचे इथे राहायला येणार होते.

"बाबांनी जन्मभर मातीच्या भिंती पाह्यल्या," उद्धवराव महिपतला म्हणाले. "त्यांची खोली अशी चमकू दे की बस! सगळ्यांत भारी ग्लॉस मार."

महिपतने मारला. मीच तर उभी होते त्या खोलीत. भिंती आरशासारख्या झाल्या. काम संपलं, महिपतने मिळालेल्या पैशांतून नवी अॅल्युमिनियमची शिडी घेतली, आणि माझ्याबद्दल उद्धवरावांना म्हणतो कसा, "ठेवा तुमच्याकडंच, बल्ब-बिल्ब बदलायले कामी येईल." एवढ्या वर्षांच्या लक्ष्मीला बल्ब बदलायला! ती नवी, हलकी, टणटण वाजणारी बया त्याच्या खांद्यावर बसून निघून गेली आणि मी बैठकीच्या दाराआड उभी राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या कोपऱ्यातून सगळं घर दिसायचं, ही एक सोय झाली.

ऑपरेशननंतर डोमाजी आले. डोळ्याला काळा चष्मा, डोक्याला चापून खोबरेल. पहिल्या दिवशी खोली पाहून म्हणाले, "वा रे उद्धवा! राजाचा महाल केला!" पण सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं की ते लगबगीने बैठकीत यायचे आणि दुपार टळेपर्यंत भिंतीला डोकं टेकून बसून राहायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला माणसांची ओढ आहे. मलासुद्धा खरं कारण कळलं नव्हतं.

मॅट रंगाचा एक गुण आहे, तो चमकत नाही. आणि एक खोड आहे, तो तेल पितो. थोड्याच दिवसांत बदामी भिंतीवर डोमाजींच्या डोक्याएवढा काळपट गोल उमटला. वनमालाबाईंनी ओल्या फडक्याने पुसला तर तो पसरला. एका संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाल्या, "एवढ्या हौसेनं घेतलेला रंग, अन् भिंतीची पार वाट लागली. आता मामाजींना सांगू तरी कशी?" सासऱ्यांना त्या मामाजी म्हणतात. बिचारीने आवाज दाबूनच म्हटलं. पण भिंतीला कान असतात म्हणतात, आणि त्या भिंतीला तर त्या वेळी बैठकीच्या बाजूने डोमाजींचेच कान टेकलेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली पिशवी भरली. उद्धवरावांना म्हणाले, "शनिवारच्या बसनं गावाले जातो. तिथं घर बंद हाय, दिवाबत्ती कोण करन?"

"बाबा, डोळ्यात औषध कोण टाकील तिथं?"

"टाकतो मीच."

मित्रांनो, हात थरथरतात त्या माणसाचे. औषध डोळ्यात कमी आणि मिशीत जास्त जायचं. बंद घरात एकटे राहिले असते तर तो डोळा वाचला नसता. उद्धवरावांनी खूप विनवलं, पण म्हातारा ऐकेना, आणि खरं कारण सांगेना.

शनिवार उजाडला. उद्धवराव कचेरीत गेले, वनमालाबाई सकाळच्या शाळेला गेल्या. डोमाजींनी डोक्याला तेल लावलं, पिशवी दाराशी आणून ठेवली, आणि भिंतीवरच्या त्या गोलाकडे बघत स्वतःशीच बोलले, "पोरीची भित अशीच टाकून जाऊ का? बयना असती तर म्हणली असती, लाज नाही वाटत?"

आता त्यांच्या गावाकडची रीत ऐका. तिथे मातीची भिंत कधी पुसत नाहीत. ती काळवंडली की बायका पांढरी माती नाहीतर चुना कालवतात आणि फडक्याने भिंतीवर नवा हात देतात. त्याला पोतारणं म्हणतात. सण आला की भिंत पोतारायची, की जुनं सगळं झाकलं. बयनाबाईंनी जन्मभर तेच केलं होतं. डोमाजींनी अंगणातल्या कुंपणासाठी आणलेला चुना बादलीत कालवला, फडकं बुडवलं आणि बैठकीचा तो गोल पोतारला.

अहो, बदामी भिंतीवर पांढराशुभ्र ढग! एखाद्याने मध्येच थांबून डोक्याला हात लावला असता. पण पोतारणाऱ्याला ठिगळ माहीत नसतं. एक जागा केली की सगळी भिंत करायची. डोमाजी हात पोचेल तिथवर करत गेले आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"नका हो!" असं मी ओरडले असते, तोंड असतं तर. फडकं नसलेल्या, अजून तेलकट असलेल्या तळव्याने त्यांनी माझा पाय धरला, मला उघडलं आणि चढले. पांढरं नीट दिसेना म्हणून काळा चष्मा काढून खिशात घातला. एका हातात चुन्याची बादली, वर तोंड, आणि ऑपरेशन झालेला डोळा सताड उघडा. चुन्याचा एक शिंतोडा त्या डोळ्यात उडाला असता, तर? माझ्या अंगावर कितीतरी रंग पडले, पण इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. मी चारही पाय जमिनीत रोवले. ते तिसऱ्या पायरीवर आले तेव्हा मी जीव खाऊन कुरकुरले. ते थबकले.

तेवढ्यात दारात वनमालाबाई. शाळा सुटली होती. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर म्हातारा दचकून पडला असता. चपलांसकट आत आल्या, दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "मामाजी, बादली माझ्याकडं द्या. आता चष्मा घाला. अन् सावकाश उतरा."

डोमाजी उतरले. चोरी पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले. "तुही भित खराब केली मी, पोरी. म्हटलं, जायच्या आधी साफ करून जावं."

वनमालाबाईंना रडूच कोसळलं. "भिंत गेली खड्ड्यात! भिंतीसाठी जाऊन राह्यले तुमी? अन् एवढी मोठी खोली केली तुमच्यासाठी, तिथं काऊन नाही बसत?"

डोमाजींनी मागच्या खोलीकडे बोट केलं. "लय चमकते ते. सकाळी ऊन पडलं का डोयात सुया टोचल्यावानी होते. पण उद्धवानं इतक्या हौसेनं केलं, त्याले कसं सांगू?"

मग मलाही उमगलं. लेकाच्या हौसेपायी बाप खोलीबाहेर पडला आणि बाहेर आल्यामुळे सुनेची भिंत डागाळली. कोणाच्याच मनात पाप नव्हतं. चुकला होता तो फक्त रंगाचा पोत. जिथे डोळ्याला शांतता हवी तिथे चमक दिली, आणि जिथे दहा डोकी टेकणार तिथे तेल पिणारा मॅट.

वनमालाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांची नजर माझ्या अंगावरच्या थेंबांवर खिळली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या रंगांचे नमुने घरातच उभे होते. त्यांनी ओलं फडकं आणलं. "मामाजी, तुमच्या डोक्याचं जरा तेल द्या बरं." डोमाजी हसायला लागले आणि डोकं पुढे केलं. बाईंनी एकेका थेंबावर तेलाचं बोट लावून पुसून पाहिलं. चुन्याचा थेंब फडक्याबरोबरच निघून आला. डिस्टेंपर विरघळलं. मॅट काळा पडला. सॅटिन मात्र एका हातात स्वच्छ झाला, आणि डोळ्यावरही येईना. ग्लॉस तर लखलखीतच.

संध्याकाळी उद्धवराव आले, पांढरा ढग पाहून दारातच थिजले. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे बाबांना मी आरशात झोपवलं होतं?" आणि वडिलांजवळ जमिनीवरच बसले. "एवढं सांगायचं होतं ना बाबा." शनिवारची बस केव्हाच निघून गेली होती.

पुढच्या आठवड्यात महिपत आला. मागच्या खोलीचा ग्लॉस घासून खरखरीत केला, म्हणजे वरचा रंग धरतो, आणि तिथे फिक्कट हिरवा मॅट दिला. बैठकीचा चुना खरवडला, तेलाच्या डागावर आधी अस्तराचा हात मारला, नाहीतर तो पुन्हा वर आला असता, आणि मग सॅटिन. भिंतीचे उंचवटे थोडे दिसायला लागले. वनमालाबाई म्हणाल्या, "दिसू दे." फोडणीचे शिंतोडे पुसता यावेत म्हणून स्वयंपाकघराला ग्लॉस मिळाला. आणि ज्वारीच्या कोठीला साधा चुना, तिथल्या भिंतीला श्वास घ्यायला हवा म्हणून. नव्या शिडीची बिजागरी वाकली होती, म्हणून सगळं काम माझ्यावरच झालं. मी कोणाला काही बोलले नाही. उगाच कशाला?

डोमाजींची पिशवी रिकामी झाली आणि माझ्या वरच्या पायरीला अडकली. अजून तिथेच आहे. सकाळी ते आपल्या खोलीत ऊन खात बसतात आणि दुपारी बैठकीत येऊन भिंतीला खुशाल डोकं टेकतात. वनमालाबाई जाता-येता फडकं मारतात आणि म्हणतात, "टेका मामाजी, टेका!"

मित्रांनो, घर रंगवाल तेव्हा कार्डं जरूर बघा, पण त्या खोलीत कोण झोपणार, कोण टेकणार, हे त्यालाच विचारा. आणि घरात माझ्यासारखी जुनी शिडी असेल तर तिला पावसात टाकू नका, वर्षाकाठी बिजागरीला तेल द्या, अंगावरचे थेंब हवे तर खरवडून काढा. माझ्या डाव्या पायावर मात्र एक तेलाचा पंजा उमटला आहे. त्या शनिवारी डोमाजींनी मला धरलं होतं ना, त्याचा. नुसत्या सागाच्या लाकडात तो खोलवर मुरला आहे. वनमालाबाई मला पुसतात तेव्हा तिथे आल्या की फडकं उचलतात. तुमच्या शिडीवर असा एखादा पंजा असेल तर तुम्हीही तेवढा ठेवा.