ब्रूजचा मनोरा, ईडन प्रेरी

ज्ञानदा पाटसकर सहा दिवसांची रजा काढून एकटीच बेल्जियममधल्या ब्रूज शहरात पायी भटकायला जाणार होती. निघायच्या आठवडाभर आधी वकिलाचा ईमेल आला : व्हिसाचं काम अडकलंय, सध्या अमेरिकेबाहेर पडू नका. तिनं तिकीट कॅन्सल केलं. रजा मात्र तशीच ठेवली. कुठल्या दिवशी किती वाजता काय पाहायचं, हे सगळं ठरलेलं होतं.

मंगळवारी सकाळी तिनं ब्रूजचा नकाशा पारदर्शक कागदावर छापला आणि ती राहत होती त्या ईडन प्रेरी गावाच्या नकाशावर चिकटवला. हॉटेलच्या जागी स्वतःचं अपार्टमेंट आणलं. मग पाठीला सॅक लावून ती ब्रूज पाहायला बाहेर पडली.

दुपारपर्यंत तिची दोन चर्च आणि एक म्युझियम पाहून झालं. पहिलं चर्च म्हणजे दातांचा दवाखाना होता, दुसऱ्याच्या जागी बँकेचं पार्किंग. म्युझियम फर्निचरच्या दुकानात निघालं. तिथे ती प्रत्येक सोफ्यापुढे दोन-दोन मिनिटं हात मागे बांधून उभी राहिली. त्यानंतर ती गोल्फ कोर्सच्या कुंपणाशी थबकली असताना पोलिसांची गाडी येऊन थांबली.

"सगळं ठीक आहे ना, मॅम?" ऑफिसरनं खाली उतरून विचारलं. "एक बाई चालतेय, असा आम्हाला फोन आला."

"चालतेच आहे मी. घंटेच्या मनोऱ्याकडे निघालेय. तो इथे असायला हवा होता."

ऑफिसरनं नकाशा मागितला, गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि बराच वेळ पाहिला.

"वरचा कागद उलटा चिकटलाय," तो गंभीरपणे म्हणाला. "उत्तर ह्या बाजूला."

ज्ञानदाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "म्हणजे मी अजून एकही चर्च पाहिलं नाही?"

"दुर्दैवानं नाही, मॅम." त्यानं कागद सोडवला, फिरवून नीट चिकटवला आणि बोट ठेवलं. "पण मनोरा जवळच आहे. पुढच्या वळणाला आत जा, डावीकडचं पाचवं घर."

पाचवं घर करड्या रंगाचं, दुमजली होतं. दाराला प्लास्टिकच्या झेंडूचं तोरण पाहून तिला धीर आला. सत्तरीच्या एका बाईंनी काठी टेकत दार उघडलं.

"काकू, मी ज्ञानदा. मला मनोऱ्यावर चढायचंय," ती सरळ मराठीतच म्हणाली.

"चालत आलीस?" काकूंनी रस्त्याकडे नजर टाकली. "गाडी बिघडली का गं? ये, आधी आत ये."

त्या मालिनीकाकू. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून, म्हणजे दोन वर्षं, त्या खालीच राहत होत्या. त्यांचे यजमान विनयकाका वर राहत आणि जेवायला खाली येत. एरवी दोघं फोनवर बोलत. ज्ञानदाकडून ब्रूजची हकिगत ऐकून काकूंनी लगेच फोन लावला. "अहो, खाली या. बेल्जियमची मुलगी आलीय."

विनयकाका रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर. त्यांनी नकाशा तपासला, माप तपासलं, मान डोलावली. "मनोऱ्याला पायऱ्या किती?"

"तीनशे सहासष्ट."

"आमच्या चौदा. चौदा सव्वीसे तीनशे चौसष्ट. दोन कमी पडतात."

"पोर्चच्या दोन धरा की," काकू म्हणाल्या.

"धरल्या. उतरताना मात्र मोजायच्या नाहीत."

ज्ञानदा चढू लागली. काका जिन्याशी खुर्ची टाकून कागदावर रेघा मारत बसले. नवव्या फेरीला काकूंनी सरबत दिलं. सतराव्या फेरीला तिच्या मांड्या थरथरायला लागल्या.

"एलिव्हेटर नाही का गं त्या मनोऱ्याला?" काकूंनी कळवळून विचारलं.

"नाही, काकू."

सव्विसाव्यांदा ती वर पोचली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"काय दिसतंय?" काकूंनी खालून हाक मारली.

"छपरं दिसतात. तळं आहे. तळ्यावर गूज पक्षी आहेत, वीसेक तरी. एक माणूस ट्रॅम्पोलिनवर झोपलाय."

"ट्रॅम्पोलिनवर? थांब, मीच येते."

काका उठून उभे राहिले. काकू कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चौदा पायऱ्या चढल्या. मागून काका श्वास रोखून, दोन्ही हात पसरून. वर पोचल्यावर काकूंनी ट्रॅम्पोलिनवरचा माणूस पाहिला, तळं पाहिलं आणि मग वळून खोली पाहिली. काकांच्या ट्रेडमिलवर काकूंच्या तीन पैठण्या वाळत घातल्या होत्या.

"ह्या कुणी धुतल्या?"

"मशीनमध्ये टाकल्या होत्या," काका पुटपुटले. "डेलिकेटवर."

काकूंनी एका पैठणीचा आकसलेला काठ बोटांत धरून पाहिला. त्यांना हसू आवरेना, मग राग आवरेना, आणि शेवटी त्या पलंगावर बसून म्हणाल्या, "आज मी इथेच झोपणार. तुमच्यावर लक्ष ठेवायला माणूस हवं."

साडेपाच वाजता ज्ञानदा निघाली.

"मी ड्राइव्ह करतो, सोडतो तुला," काका म्हणाले.

"नको, काका. पायीच फिरायचं ठरलंय."

काकांना ते पटेना. फूटपाथ नसलेल्या रस्त्याला पोरगी एकटी, तीही पाय ओढत चाललेली. त्यांनी गाडी काढली, हॅझर्ड लाइट लावले आणि तिच्या मागून तिच्याच चालीनं निघाले. मागे एक गाडी अडकली, मग चार. मागच्या लोकांना ती अंत्ययात्रा वाटली असावी. इकडच्या अंत्ययात्रेत लावतात तसे एकेकानं हेडलाइट लावले. चौकात एका पिकअपवाल्यानं गाडी थांबवून डोक्यावरची टोपी काढली. ज्ञानदानं त्याला नमस्कार केला.

अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तिच्यामागून सात गाड्या शिरल्या. काळ्या स्वेटरमधली एक बाई उतरली आणि काकांचा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "तुमचं कोण गेलं?"

"पैठण्या," काका म्हणाले. "तीन."

"एकदम तिघी!" त्या बाईनं त्यांना घट्ट मिठी मारली.