स्ट्रॅथलारीची शेवटची हरकत

एकतीस वर्षं नॅन डॅलगार्नो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या स्ट्रॅथलारी मतदारसंघात आपल्या पक्षाची पत्रकं वाटत आली होती आणि तितकीच वर्षं वॉटी इमलाख विरोधी पक्षाची. पत्रकं वाटताना एखाद्या इमारतीच्या जिन्यात गाठ पडली की टोमणा मारल्याशिवाय दोघांचं पाऊल पुढे पडत नसे.

आता मतदारसंघच मोडीत निघाला होता. मतदार कमी भरतात, म्हणून अर्धा उत्तरेला जोडायचा, अर्धा दक्षिणेला. हरकती ऐकायला एडिनबरोहून अधिकारी आला. नगरभवनात साठ खुर्च्या मांडल्या होत्या. आले हे दोघेच.

"तुझी माणसं कुठायत गं?" वॉटीनं विचारलं.

"तुझ्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बसलीत. दिसत नाहीत?"

नॅन बोलायला उठली. गुडघे ठणकत होते. हेरिंग मासळीच्या होड्या वादळात अडकल्या, तरी कोळी ओल्या कपड्यांनी मतदानाला धावले आणि निकाल अकरा मतांनी फिरला, ते तिनं सांगितलं. आयुष्यातल्या पहिल्या मतासाठी तिची आजी चार मैल बर्फ तुडवत आली होती, तेही सांगितलं.

"बाई, हा इतिहास झाला," अधिकारी मऊपणे म्हणाला. "प्रश्न आकड्यांचा आहे."

ती मटकन खाली बसली.

वॉटी उठला. "साहेब, एकतीस वर्षांत या बाईचं एक अक्षर मला पटलं नाही. आज सगळं पटतंय. लिहून घ्या."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. शरद ऋतूत पत्र आलं : निर्णय कायम.

पुढच्या निवडणुकीला नॅन मत देऊन शाळेबाहेर आली. उमेदवार कुठला कोण, तिला ठाऊक नव्हतं. वॉटी कठड्यावर बसला होता. कोटाला पक्षाची फीत नव्हती. ती शेजारी टेकली.

"पक्षाच्या नव्या शाखेनं विचारलं होतं, पत्रकं वाटायला वरची आळी घ्याल का म्हणून," ती म्हणाली. "नाही म्हटलं. पाय चालत नाहीत."

"मलाही आमच्या पक्षानं विचारलं. मीही नाही म्हटलं."

"तुझे पाय तर धड आहेत!"

"आहेत. पण जिन्यात भांडायला कोण भेटणार?"

समुद्रावरून गार वारा सुटला होता. दोघं बराच वेळ तिथेच बसून राहिली.