उडालेल्या पत्र्यांचा हेवा

बाळांनो, जरा डोळे मिटा. एकाच अंगणात दोन घरं आहेत असं समजा. एक तुमचं, एक तुमच्या काकांचं. भर दुपारी अवकाळी वादळ सुटलं आणि वाऱ्यानं काकांचं छप्पर उचलून नेलं. तुमचं जागच्या जागी राहिलं. तुम्हाला कसं वाटेल? हायसंच वाटेल ना?

तामलवाडीच्या जाईला तसं वाटलं नाही. तिला चक्क हेवा वाटला.

जाई दहा वर्षांची. तिच्या घरावरचे पत्रे इतके गंजले होते, की पावसाळ्यात आई चार ठिकाणी भांडी मांडून ठेवायची. त्या पत्र्यांना वाऱ्यानं हातसुद्धा लावला नाही, आणि काकांचे पत्रे मात्र पापडासारखे उडाले! तेव्हापासून चुलतबहीण सृष्टी गावात मोठी झाली होती. जो तो तिलाच विचारी, "तवा तू कुठं होतीस गं?" मग ती बाजेखाली कशी लपली ते सांगे, आणि दर वेळी वादळ थोडं वाढे. शेजारच्या सीताबाईंनी तर तिच्यासाठी वाटीभर शिरा आणला. जाई तिथंच उभी होती. तिला कुणी विचारलंही नाही.

"आमच्या घराचा विमा हाय," सृष्टी म्हणाली. "आता निळे पत्रे बसणार. अण्णा म्हणले, रंग तूच निवड."

"आन् आमच्या छपराला?" जाई म्हणाली.

"तुमचं लई मजबूत हाय बाई. उडतंय कशाला!"

हे जाईला फार लागलं.

इंद्रजितकाकांचा, म्हणजे सृष्टीच्या अण्णांचा, मोबाइल पावसात भिजून बंद पडला होता. म्हणून विमा कंपनीला नुकसान कळवताना त्यांनी आपल्या थोरल्या भावाचा, म्हणजे जाईच्या वडिलांचा नंबर दिला होता. त्या संध्याकाळी तो फोन वाजला, आणि जाईनं उचलला.

"मी पंचाक्षरी बोलतोय, विम्याचा सर्व्हेअर. उद्या अकरा वाजता पाहणीला येतो. घरात सांग बाळ, सगळं पडलंय तसंच राहू द्या. मी बघितल्याशिवाय एक पत्रासुद्धा हलवू नका."

"व्हय," जाई म्हणाली आणि निघाली.

अंगण ओलांडेपर्यंत निरोप पुरता तिच्या तोंडात होता. पण काकांच्या दारात सृष्टी बसली होती. दुकानातून आणलेला पत्र्यांच्या रंगांचा कागद मांडीवर पसरून ती एकेका रंगावर बोट ठेवत होती. जाई आल्याचं पाहूनही तिनं मान वर केली नाही.

"काकू, उद्या अकराला विम्याचे साहेब येणारेत," जाई म्हणाली.

"अजून काय म्हणले?"

"काय न्हाय."

प्रेमलाकाकूंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! साहेब येणार आन् घराची ही दशा?"

पाहुणा येणार म्हटल्यावर काकूंना दम कुठला? तांबडं फुटायच्या आत सगळं घर कामाला लागलं. काकांनी लिंबाच्या फांदीत अडकलेला पत्रा खाली ओढला. वाकलेले पत्रे दगडावर ठेवून हातोड्यानं सरळ केले आणि गोठ्याशेजारी थप्पी लावली. पडलेल्या विटा उचलल्या, घरावर कोरी ताडपत्री ताणून बांधली. काकूंनी अंगण सारवलं, रांगोळी काढली. जाई आपल्या दारातून सगळं बघत होती. हातोड्याचा ठोका पडला की ती एक पाऊल पुढं टाकी. एक हाक मारली असती तर पुरलं असतं. पण मग सृष्टीचे निळे पत्रे डोळ्यांपुढं येत, आणि ती पाऊल मागं घेई.

अकराला साहेब आले. खुर्चीवर टॉवेल अंथरला होता. पोहे आले, चहा आला. साहेबांनी चहा संपवला आणि इकडंतिकडं पाहिलं.

"घर छान ठेवलंय. पण नुकसान कुठंय?"

"ती काय थप्पी," काका अभिमानानं म्हणाले. "सगळे सरळ केलेत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, आता मी काय लिहू? हे पत्रे वाऱ्यानं उडाले की तुम्ही उतरवले, कसं ओळखायचं? तरी मी फोनवर सांगितलं होतं, काही हलवू नका म्हणून!"

"तसं कुणी बोललं न्हाय साहेब."

"मी स्वतः बोललो. एका मुलीनं फोन घेतला होता."

"ती आमची जाई," काका म्हणाले. "पोर कधी खोटं बोलायची न्हाय. तुमीच इसरला असाल."

"म्हणजे मी खोटं बोलतो?" साहेबांनी फाइल मिटली आणि ते उठले.

काकूंचा चेहरा उतरला. "अवं, पावसाळा महिन्यावर आलाय. ताडपत्रीखाली दिवस काढायचे का आमी?" सृष्टीच्या हातातला रंगांचा कागद खाली पडला. ती रडत नव्हती, नुसती ताडपत्रीकडं बघत होती.

जाई अंगणात आली.

"काका, साहेबांनी सांगितलं होतं. म्याच अर्धं सांगितलं."

"का गं?" काकांचा आवाज एकदम बारीक झाला.

"सृष्टीला निळे पत्रे मिळू नयेत म्हणून."

जाईचे वडील दारात खाली मान घालून उभे राहिले. साहेबांनी मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली होती, ती तशीच हातात राहिली.

"पोरी," ते म्हणाले, "कुठला पत्रा कुठं पडला होता, तुला ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. गेले दोन दिवस जाईनं दुसरं बघितलंच काय होतं? हेव्यानं जळत तिनं तो पसारा इंच न् इंच न्याहाळला होता.

"हुकाची भोकं फाटलेला पत्रा त्या लिंबात होता," ती म्हणाली. "फांदीची साल निघालीय बघा. दोन हौदामागं. एक इथं, भिंतीचा कोपरा तोडून पडला होता."

साहेब लिंबाखाली गेले, मान वर करून फांदी बघितली आणि फाइल पुन्हा उघडली. "खूण ताजी आहे. एकेक पत्रा पडला होता तिथं ठेवून दाखव."

जाईनं थप्पीतला वरचा, भोकं फाटलेला पत्रा धरला. तो तिच्या दुप्पट लांब होता. "सृष्टे, तिकडचं टोक धर," ती म्हणाली. सृष्टीनं मान फिरवली. मग जाईनं फ्रॉकचा घोळ हाताला गुंडाळला, आणि तो पत्रा एकटीच लिंबाकडं ओढू लागली.