पाऊण इंच

बालकल्याण कचेरीच्या रेकॉर्ड रूममधल्या बाईंना सगळे त्यांच्यामागे ‘गुळणीबाई’ म्हणत. मिठाची गुळणी धरल्यासारख्या गप्प, म्हणून. बाईंना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून अभिमानच होता. एकतीस वर्षं त्यांनी टाकलेल्या, हरवलेल्या, घरातून सोडवून आणलेल्या मुलांच्या फायली सांभाळल्या. कुणाची आई कोण, कुणाच्या पाठीवर कसले वळ, सगळं वाचलं, पण त्यातला एक शब्द दाराबाहेर गेला नाही. “वाचायचं आणि विसरायचं,” असं त्या नव्या लोकांना सांगत.

पण गुळणी धरलेल्या माणसाशी बोलणार कोण? धाकटी बहीण रविवारी फोन करायची. “ताई, काय विशेष?” बाई म्हणायच्या, “काही नाही गं.” विशेष तर रोजच असायचं, सांगायची सोय नव्हती. पाच मिनिटांत फोन संपे. उरलेला रविवार बाई कपड्यांच्या घड्या घालण्यात काढत, आणि एकट्या बाईचे कपडे असतात तरी किती!

गेल्या वर्षी परवानगीचं पत्र घेऊन एक संशोधक मुलगी आली. संस्थेत वाढलेल्या मुलांवर ती पुस्तक लिहीत होती. तिला वीस जुन्या फायली हव्या होत्या, मुदत तीन आठवडे. अट एकच, नावं झाकलेली हवीत. त्याची पद्धत ठरलेली होती. पानाची झेरॉक्स काढायची, झेरॉक्सवरच्या नावांवर काळा मार्कर फिरवायचा आणि तिची पुन्हा झेरॉक्स काढायची. मग कागद उजेडात धरला तरी काही दिसत नाही. मूळ पान कपाटात जसंच्या तसं.

नेमकं त्याच आठवड्यात झेरॉक्स मशीन बंद पडलं. मेकॅनिक म्हणाला, उद्या येतो. मेकॅनिकचा उद्या कुणी पाहिलाय? मुलगी दोन दिवस बाईंच्या टेबलापाशी रिकामी बसून होती. दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता तिने विचारलं, “मावशी, एवढं सगळं वाचून तुम्हाला घरी झोप लागते?”

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंचा घास हातातच राहिला.

“लागते की,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “कधी कधी नाही लागत.”

तिसऱ्या दिवशी मुलगी उठली. “मावशी, असंच चाललं तर मी दुसऱ्या गावच्या ऑफिसात जाते. तिथलं मशीन चालू आहे म्हणे.”

बाईही उठल्या. “उद्या ये,” त्या म्हणाल्या, “करते काहीतरी.” दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आधी त्या कचेरीत आल्या, कपाटातून मूळ फायली काढल्या आणि मार्कर उघडला. साहेबांना विचारलं नाही. इतक्या वर्षांत या फायलींकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, नावं लागणार होती कुणाला? कागद पातळ होता, अक्षरं मागून उमटलेली दिसत होती, तेव्हा मागूनही मार्कर फिरवला. बाईंचं काम चोख.

तीन आठवडे मुलगी राहिली. फायलींतलं त्या दोघी बोलल्या नाहीत, नियम तो नियम. पण कोणता साबण चांगला, कुणाचं लग्न कसं फिसकटलं, बाईंना लहानपणी गाणं शिकायचं होतं, असलं सगळं बोलून झालं. बाई त्या दिवसांत आरशात बघून कचेरीला यायच्या. जाताना मुलगी म्हणाली, “पुस्तकाची पहिली प्रत तुम्हाला.” प्रत आली टपालाने. आभाराच्या पानावर ‘रेकॉर्ड विभागातील एका कर्मचाऱ्याचे’ आभार होते. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. बाईंनी ते पान चारचारदा वाचलं, आणि त्यांना रडू आलं.

या महिन्यात एक शिंपीण आली. पन्नाशीची, घाईत गळ्यातली टेप काढायलाही विसरलेली.

“माझी फाईल बघायची होती. मोठं झाल्यावर स्वतःची बघता येते म्हणे.”

“येते. अर्ज आणलाय?”

अर्ज होता, त्यावर साहेबांची सही होती. “सगळी नको मला, बाई. आईचं नाव तेवढं सांगा. मी चार वर्षांची होते. आईला नाव असतं हे चार वर्षांच्या पोरीला कुठं ठाऊक? मी आपली आईच म्हणायचे. आता लेकीला मुलगी झालीय. ती म्हणते, तुझ्या आईचं नाव ठेवू. काय सांगू मी तिला?”

बाईंनी अर्जावरचा क्रमांक वाचला आणि कपाटातून फाईल काढली. ती त्या विसांतलीच होती. ‘आई’ या शब्दापुढे काळी पट्टी. बाईंनी पान खिडकीशी धरलं, उलटं केलं, पुन्हा धरलं. काही नाही. जुनं भरती रजिस्टरही नव्हतं, नळ फुटला त्या साली त्याचा लगदा झाला होता.

“हे मी केलं,” बाई म्हणाल्या.

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. मशीन बंद होतं, आणि एक मुलगी माझ्याशी बोलायची. ती जाऊ नये असं वाटलं मला.”

शिंपिणीने पान आपल्याकडे ओढलं. “पण काळं करण्याआधी वाचलं असेल ना तुम्ही?”

“वाचलं.”

“मग सांगा की.”

बाईंच्या ओठांवर दोन नावं येत होती. एक या बाईच्या आईचं, एक दुसऱ्याच कुठल्या तरी पोराच्या आईचं. कुठलं कुणाचं, ते मात्र येत नव्हतं. एक फेकलं असतं तर शिंपीण हसत घरी गेली असती आणि जन्मात कुणाला कळलं नसतं. पण त्या तान्ह्या पोरीला आयुष्यभर दुसऱ्याच बाईचं नाव चिकटलं असतं.

“नक्की आठवत नाही,” बाई म्हणाल्या. बोलायची एवढी ओढ त्यांना कधीच लागली नव्हती.

शिंपिणीने गळ्यातली टेप काढली आणि काळ्या पट्टीवर धरली. “पाऊण इंच,” ती म्हणाली. “नाव छोटंच होतं म्हणायचं.” गिऱ्हाइकाचं माप लिहावं तसं तिने ते अर्जाच्या पोचेमागे लिहून घेतलं, पोच नीट घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि गेली.

बाईंनी दार लावून घेतलं. कोऱ्या कागदावर ती दोन्ही नावं फायलीतल्या बारीक अक्षरासारखी लिहिली, आणि टेबलावरची फूटपट्टी घेऊन मोजली.

दोन्ही पाऊण इंचच भरली.