बरोबर रेषेवर लाल फुली

मित्रांनो, मी एक जुना प्रश्न आहे. कागदावरचा नव्हे, पडद्यावरचा. ऑनलाइन गणिताच्या परीक्षेत मुलांना आलेख काढायला लावणं, हे माझं काम. आत्मवृत्त सांगताना गोड बोलायचं असतं म्हणे. मला ते जमणार नाही. माझं डोकं फिरलं आहे आणि ते का फिरलं, हेच मी सांगणार आहे.

मला घडवलं गणिताच्या एका बाईंनी. शाळा सोडून त्या परीक्षेचे प्रश्न तयार करणाऱ्या कचेरीत आल्या होत्या. चार पर्यायांपैकी एकावर बोट टेकवायचं आणि सुटायचं, हा प्रकार त्यांना मुळीच आवडत नसे. "पोरांना स्वतःच्या हाताने काढू दे की रेषा!" असं त्या म्हणायच्या. त्यांनी मला चौकटींचा आलेखकागद दिला, दोन अक्ष दिले आणि बोटाने सरकवता येतील असे दोन निळे ठिपके दिले. ठिपके ठेवले की त्यांच्यामधून रेषा आपोआप जाई. माझं समीकरण साधंच होतं, y = 2x + 1. ठिपके कुठेही ठेवा, रेषा बरोबर आली की गुण द्यायचे, असा नियम बाईंनी मला घालून दिला होता.

काही वर्षं माझी चैन होती. मुलं ठिपका इकडेतिकडे नेत, रेषा भलतीकडे कलली की हसत आणि पुन्हा जागेवर आणत. शिक्षक माझं कौतुक करत. खोटं कशाला बोलू, मी जरा भावही खात असे.

मग कचेरीने नवी प्रणाली आणली. जुने प्रश्न तिच्यात हलवण्याचं काम ज्यांच्याकडे आलं, त्यांना सगळे पाठीमागे झटपटराव म्हणत. बाईंचा नियम नव्या प्रणालीत आपोआप आला नाही, तो पुन्हा भरावा लागणार होता. झटपटरावांनी तेवढे कष्ट घेतले नाहीत. नमुन्याच्या उत्तरात बाईंनी (0, 1) आणि (1, 3) हे बिंदू घेतले होते. तेच झटपटरावांनी एकमेव बरोबर उत्तर म्हणून टाकले. मग तपासायला तेच बिंदू स्वतः ठेवले, हिरवी खूण आली आणि साहेब चहाला गेले! स्वतःचं उत्तर स्वतःच लिहून स्वतःलाच शाबासकी! याला तपासणी म्हणतात?

पुढच्याच परीक्षेत एक मुलगी माझ्यापाशी आली. पुढच्या वर्षी वरच्या गणिताच्या वर्गात जागा मिळते की नाही, हे त्या परीक्षेवर ठरणार होतं. ती वडिलांच्या छोट्या फोनवर सोडवत होती. जवळजवळचे बिंदू तिच्या बोटाखाली झाकले जात होते, म्हणून तिने शहाणपणाने लांबचे निवडले, (-1, -1) आणि (2, 5). रेषा अगदी बिनचूक आली. आणि मी तिच्यावर लाल फुली मारली. मित्रांनो, मला मारावी लागली! माझ्या पोटात दुसऱ्याने भरलेलं उत्तर होतं.

त्या एका फुलीने तिची जागा हुकली.

"बाबा, रेषा तीच आहे हो. पट्टी लावून बघा हवं तर," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

वडील बसचालक होते, नुकतेच कामावरून आले होते. "अगं, यंत्राला काय तुझ्याशी वैर आहे? चुकलं असेल कुठेतरी. पुढच्या वेळी नीट कर." ते मायेनेच बोलले, पण पट्टी काही त्यांनी आणली नाही.

तिने कचेरीकडे तक्रार केली. झटपटरावांनी आकडे पाहिले. "हा प्रश्न फारच मुलांचा चुकतोय. अवघड दिसतोय. काढून टाका." म्हणजे चूक यांची आणि अवघड मी!

मला काढताहेत हे कळल्यावर बाई तरातरा आल्या. त्यांनी तक्रारीतले त्या मुलीचे बिंदू माझ्यावर ठेवले, लाल फुली पाहिली आणि त्यांचा आवाज चढला. "रेषा बघायची सोडून ठिपके बघत बसलात? सगळ्या मुलांची उत्तरं पुन्हा तपासा!"

"बाई, निकाल लागून गेलाय. आता ते कुठे उकरून काढायचं?"

"उकरा. नाहीतर मी उकरते."

त्यांनीच उकरलं. गुण वाढल्याचा निरोप मुलीच्या घरी गेला. पण तोवर त्या वर्गातल्या जागा भरल्या होत्या आणि गणित आपल्याला झेपत नाही असं ठरवून मुलीने दुसरा विषय घेतला होता. वडिलांनी कचेरीत फोन केला. "साहेब, पोरीचं बरोबर असताना मी तिलाच चूक म्हणालो. आता तिच्यासमोर कोणत्या तोंडाने जाऊ?" झटपटरावांनी दिलगिरीचं ठरलेलं वाक्य वाचून दाखवलं आणि फोन ठेवला.

मित्रांनो, बाईंनी माझा नियम पुन्हा नीट भरला आहे. मी परत कामाला लागलो आहे, पण राग गेलेला नाही. उद्या तुम्ही प्रश्न तयार कराल, कुणाचं उत्तर तपासाल, कुणाचे आईवडील व्हाल. तेव्हा लाल फुली मारण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा, "तू हे कसं काढलंस?" त्या मुलीकडे उत्तर तयार होतं. तिला कुणी विचारलंच नाही.