झुंबरकाकीचा भोपळा आणि लोणावळ्याच्या छत्र्या

आमच्या इंदुरीत भोपळा कापला की परंदवडीपर्यंत वास जातो, असं मी सांगतो तेव्हा हल्लीची पोरं हसतात. हसू द्या. त्यांनी झुंबरकाकीचा भोपळा पाहिलेला नाही. मी पाहिलाय. त्याला पाठ टेकून विडी ओढलीय. भोपळ्याच्या सावलीत बसलेला माणूस उगाच खोटं कशाला बोलेल?

एकोणीसशे सव्वीस-सत्तावीसच्या सुमाराची गोष्ट. मी फकरुद्दीन, छत्र्या दुरुस्त करणारा. सकाळी चालत तळेगावला जायचं, आगगाडीनं लोणावळा गाठायचा आणि बाजारात बसून बंगलेवाल्यांच्या छत्र्यांना काड्या बसवायच्या. आमच्या मावळात शेतकरी इरलं घेतो, छत्री साहेबलोकांची. पण लोणावळ्याचा पाऊस साहेबाला ओळखत नाही, त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

झुंबरकाकी आमची शेजारीण, भिंतीला भिंत. नवरा मागेच वारलेला, धाकटा दीर दत्तोबा आणि ती मिळून नदीकाठचं रान कसायची. तिच्याकडे भोपळ्याचा वाण होता, सासूच्या सासूपासून चालत आलेला. त्याचा एक भोपळा कापला की अख्ख्या आळीत भाजी व्हायची आणि उरलेल्या टरफलात म्हशीला आंबोण घालायचे. लग्न ठरवायला आलेले पाहुणे मुलीआधी काकीचा भोपळा बघायला जायचे. इंदुरीला किल्ला आहे खरा, पण परगावी आम्ही आधी भोपळ्याचं सांगायचो.

त्या साली मात्र राखेत घालून ठेवलेलं बियाणं उंदरांनी फस्त केलं. मडक्याच्या तळाशी तीन बिया उरल्या. त्या काकीनं परसात लावल्या. म्हणजे यंदा एक तरी भोपळा पिकला पाहिजे, नाहीतर वाण संपला. तीन पिढ्यांची चीज काकीच्या हातून जाणार.

त्यात आदल्या वर्षीचा राग होताच. परंदवडीचा अंबाजी, तोही भोपळेवाला, बैल बघायला म्हणून आला आणि काकीच्या कोवळ्या भोपळ्याकडे सरळ बोट करून म्हणाला, "काकी, ह्यो काय कुंभाराकडनं घडवून आणला व्हय?" चार दिवसांत तो भोपळा देठापाशी सडला. कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरसुद्धा जाणतं.

म्हणून या खेपेला काकीनं बंदोबस्त केला. माझ्याकडून जुन्या छत्र्यांचं काळं कापड नेलं आणि माझ्या बायकोकडून, मेहरुनकडून, त्याची टोपडी शिवून घेतली. तान्ह्या बाळाला घालतात तशी, नाडीसकट. ज्या कळीच्या बुडाशी लिंबाएवढा भोपळा दिसेल, तिला उमलण्याआधीच टोपडं. नाडी आवळून गाठ. नजर शिरायला जागाच नाही.

गावानंही साथ दिली. परसासमोरून जाताना माणसं हात काखेत दाबून जायची. रस्ता विचारला तर हनुवटीनं दाखवायची. एका पाहुण्याला दत्तोबानं हनुवटीनं देऊळ दाखवलं, तर तो न्हाव्याच्या ओट्यावर जाऊन हात जोडून उभा राहिला. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही पोरं बोट वर करीनात. त्या साली इंदुरीची सगळी पोरं ढ आहेत असा शेरा पडला, तो काकीच्या भोपळ्यापायी.

आणि वेल काय वाढले! एक गोठ्यावर चढला, दुसऱ्यानं विहिरीचा काठ झाकला, तिसरा माझ्या भिंतीवरून डोकवायला लागला. पानं एवढी की पावसात कोंबड्या आडोशाला येऊन बसायच्या. पण भोपळा? लिंबाचा पेरू होईना. पिवळा पडायचा, मऊ व्हायचा आणि टोपड्यासकट गळायचा.

मग उपाय सुरू झाले. कुणी सांगितलं शेणखत जास्त झालं, नुसता पाला माजलाय. खत ओढून काढलं. कुणी म्हणालं ताक घाला. ताक घातलं. कुणी फाटका जोडा टांगायला सांगितला. दत्तोबानं स्वतःचा टांगला आणि महिनाभर एका पायानं अनवाणी हिंडला. आळीतली म्हातारी बयाबाई म्हणाली, "वेल लाजतोय, त्याच्यापुढं भांडू नका." दीर-भावजय कुजबुजत भांडायला लागली. काकी रोज सकाळी गळलेली बोंडं ओच्यात गोळा करायची आणि उकिरड्यावर टाकून यायची.

श्रावण सरत आला तेव्हा अंबाजी परत उगवला. या वेळी हात पाठीमागं बांधून, मोठ्या शहाणपणानं.

"काकी, पाला लय झ्याक हाय. म्हशीला घाला. बियाणं लागलं तर परंदवडीवरनं धाडतो. आमचं भोपळं जरा बारकं, पर धरत्यात."

काकीनं पदर खोचला. "अंबाजी, दुसऱ्याचं बियाणं लावायचं आसतं तर मी तुज्या दाराशी आले नसते व्हय? जा, सांभाळून जा. वेलात पाय आडकंल."

तो गेला आणि काकी उंबऱ्यावर बसली. मी भिंतीपलीकडून सगळं ऐकत होतो. तेवढ्यात आमच्या मागच्या दारातून मेहरुनची हाक आली. काकीला ती मावशी म्हणायची.

"अहो, इकडे या! मावशी, तुम्ही पण या! हे बघा काय!"

मेहरुन लोणावळ्याची, बाजारपेठेत वाढलेली. तिला भोपळ्याचे नियम माहीत नव्हते. काकी, दत्तोबा आणि मी धावत गेलो. भिंतीवर मी एक मोडकी छत्री वाळत टाकली होती आणि विसरलो होतो. ती वाऱ्यानं उपडी झालेली, आणि तिच्याखाली, टोपड्याविना, कलिंगडाएवढा हिरवागार भोपळा! आणि मेहरुन त्याला बोट दाखवत होती. नुसतं लांबून नाही, टोचून.

काकी किंचाळली. "आगं सटवे, बोट घाल तोंडात! चाव! चाव ते!"

मेहरुननं घाबरून बोट चावलं. दत्तोबानं डोळे मिटले. सगळे भोपळा पडायची वाट बघत उभे राहिलो. भोपळा काही पडला नाही.

"मावशी," मेहरुन बोट चोळत म्हणाली, "मी याला चार दिवस रोज बोट लावून बघतेय, किती वाढला म्हणून. रोज वाढतोच आहे."

"मंग माजीच का गळत्यात?"

उत्तर काकीच्याच परसात होतं. आम्ही परत वळलो तर एक गलेलठ्ठ भुंगा, अंगभर पिवळी पूड माखलेला, काळ्या टोपड्याला धडका देत होता. घूं करून मागं जायचा, परत येऊन डोकं आपटायचा. मग कंटाळून तो शेजारच्या लांब दांड्याच्या फुलात शिरला. तिथं खाली भोपळा नसतोच.

मेहरुन हसायला लागली. "मावशी, पाहुणा दारात उभा आहे आणि तुम्ही आतून कडी लावून बसलात. एका फुलाची पूड दुसऱ्यात पडल्याशिवाय भोपळा धरेल कसा?"

काकीनं एक टोपडं सोडलं. आत फूल कोरं करकरीत, कोमेजलेलं, एक कणसुद्धा पूड नाही. ते हातात धरूनच ती एकदम उठली.

"टोपडी काडते. पर उघडं न्हाई ठेवायची. त्या अंबाजीच्या बोटाचं काय? तुज्या भिंतीवरचा वाचला तो छत्रीमुळं. वरनं नजर न्हाई, खालनं भुंगा. फकरू, छत्र्या आण!"

मला हे पटलं. मेहरुनला अजून पटलेलं नाही, तो आमच्या घरातला प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याहून दुरुस्तीला आलेल्या सगळ्या छत्र्या इंदुरीत आणल्या. मुठीवर चांदीची चकती असलेल्या, झालर लावलेल्या, एक तर पारशी बाईंची जांभळी रेशमी. परसात प्रत्येक फुलावर एक छत्री रोवली. वरून पाऊस आणि नजर अडली, खालून भुंग्यांची वर्दळ सुरू झाली. लांबून बघणाऱ्याला वाटे, इंदुरीत साहेबांची जत्रा भरलीय. तिकडे लोणावळ्यात साहेब भिजत होते. "काडी मुंबईहून यायचीय," मी सांगायचो. काकीचा वाण टिकत असेल तर साहेबाला एक पावसाळा भिजायला काय हरकत आहे?

भादव्यात पाचसहा भोपळे धरले. पण खरा राजा माझ्या भिंतीवरचा. तो इतका फुगला की त्यानं छत्रीला खालून उचललं आणि शेवटी ती त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसली. भिंत कलली. मी लाकडाचे टेकू लावले. मेहरुन म्हणाली, घर पडेल. मी म्हटलं, घर परत बांधता येतं, असला भोपळा नाही. दसऱ्याला तो उतरवायला गाव लागलं, आणि बैलगाडीत ठेवला तेव्हा बैल मागं वळून बघायला लागले. ही बैलांची गोष्ट दत्तोबाला विचारली असती तर त्यानंही हेच सांगितलं असतं. त्याच्या पायात तेव्हा दोन्ही जोडे होते.

काकीनं अंबाजीला मुद्दाम बोलावणं धाडलं. तो आला, गाडीभोवती फिरला, आणि हात काखेत.

"काड हात," काकी म्हणाली. "दाव बोट."

"न्हाई काकी, नगं."

"दाव म्हन्ते! पिकलेलं फळ हाय माजं, इंदुरीचं. तुज्या बोटाला भितंय व्हय ते?"

अंबाजीनं भीत भीत बोट उचललं. भोपळा ढिम्म. मग काकीनं स्वतःचं बोट दाखवलं, दत्तोबानं दाखवलं, मी दाखवलं, मेहरुननं तर दोन्ही हातांची दाखवली. सबंध पावसाळा काखेत दाबून ठेवलेली गावातली सगळी बोटं एकदम वर झाली. पोरं तर ओरडत होती. मास्तरही होते तिथं. त्यांनी पोरांकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं, ही ढ नाहीत.

आमच्याकडे भोपळ्यावर पहिलं पातं बाई चालवत नाही. दीर शेजारी उभा असताना काकीनं कोयता अंबाजीच्या हातात दिला. त्यानं घाव घातला, भोपळा उघडला, आणि आत मुठीमुठीनं बिया, पांढऱ्या, ठसठशीत.

पहिली मूठ काकीनं त्याच्याच पंज्यात ठेवली.

"लाव परंदवडीत," ती म्हणाली. "आनि कुनी इचारलं की कुटला वाण, तर बोट इकडं दाव."