मामाची खुर्ची

यास्नीचं पत्र रमजानच्या आधी आलं होतं. ईद होऊन गेली, आलेल्या पाहुण्यांनी बरण्यांतले केळ्याचे काप संपवले, तरी मी उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र लहानसंच होतं.

"मामा, मी आता लढणं थांबवणार आहे. आईच्या घराखालची जुन्या कोठाराची जागा रिकामी आहे. तिथे मुलींसाठी सिलेकचा आखाडा काढावा म्हणते. आई हो म्हणाली. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कुदळ मारणार नाही."

आमच्यात जमीन बायकांची असते, पण तिच्याबद्दलचा शब्द मामाचा. यास्नीची आई रोस्मा माझी धाकटी बहीण, आणि तिला मी एकटाच भाऊ. म्हणजे शब्द माझा. आणि शब्द देणं ही गोष्ट मला कधी जमलेली नाही. पाडांगच्या शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यातसुद्धा 'असं काही जण मानतात' हे वाक्य मी इतक्यांदा म्हणत असे की मुलांनी माझं नावच तसं ठेवलं होतं.

उत्तरासाठी मी धर्माची आणि रीतिरिवाजांची पुस्तकं उघडली. एक पुस्तक परवानगी देई, दुसरं ती काढून घेई. गावाकडून आमच्या घराण्याच्या दातुकांचा, म्हणजे प्रमुखांचा, निरोप आला: "पोरगी टीव्हीवर मारामारी करते ते डोळ्यांआड तरी होतं. आता गावच्या मुलीही बिघडवणार का?" आणि दातुकांपेक्षाही मला छळणारी होती ती आमची जुनी म्हण. शत्रू शोधू नये, समोर आला तर टाळू नये. सिलेकचं, म्हणजे आमच्या लढण्याच्या विद्येचं, सगळं सार त्यात आहे म्हणतात. मग पोस्टरवर नाव छापून, तिकीट लावून शत्रू शोधणाऱ्या पोरीचं काय करायचं? मी 'हो'चंही पत्र लिहून पाहिलं, 'नाही'चंही. दोन्ही पटली, म्हणून दोन्ही फाडली.

खरं तर तिला आखाड्यात नेलं मीच. ती लहान असताना शाळेतून येताना एका मुलाचा दात पाडून आली. रोस्मा म्हणाली, "दादा, हिला तुओंकडे टाक. निदान कुठे मारायचं ते तरी कळेल." तुओ म्हणजे गावचे म्हातारे गुरू. त्यांच्याकडे मूल सोपवायचं तर मामाने कोंबडा, पांढरं कापड आणि सुरी घेऊन जायचं. कोंबडा माझ्या काखेतून निसटला आणि तुओंच्या छपरावर जाऊन बसला. तुओंनी विचारलं, "पोर माझ्या हवाली करतोस?" मी मान हलवली.

"मानेला मी काय करू? तोंडाने सांग."

मी छपरावरच्या कोंबड्याकडे पाहू लागलो. शेवटी यास्नीच म्हणाली, "मामा हो म्हणतात." ते चाललं. कोंबडाही तिनेच उतरवला.

पुढे ती पदकं आणू लागली. मग जाकार्ताला, पिंजऱ्यातल्या लढतींकडे गेली. पहिल्या आयोजकाने सांगितलं, डोक्यावरचा रुमाल काढ, मग पोस्टरवर घेतो. तिने पोस्टर नाकारलं आणि बरेच दिवस कचेरीतल्या बायकांना हात सोडवून घ्यायला शिकवून पोट भरलं. नंतर दुसऱ्या एकाने घट्ट टोपीसारखा रुमाल आणि पायभर विजार मान्य केली. ती जिंकली, हरली, पुन्हा जिंकली, गुडघा दुखवून बसली, पुन्हा उभी राहिली. हे सारं मला रोस्माकडून कळे. मी एकही लढत पाहिली नव्हती. टीव्ही लावायचो आणि घंटा झाली की चहा करायला उठायचो.

ईदनंतर तिची शेवटची लढत नेमकी पाडांगला ठरली. तिने पुढच्या रांगेतली दोन तिकिटं पाठवली, एक आईला, एक मला. सोबत चिठ्ठी नव्हती. उत्तर आलं नाही याबद्दल तिने एक शब्द काढला नव्हता, त्यामुळे मी अधिकच अवघडलो.

क्रीडागृहात पोहोचलो तर पुढच्या रांगेत माझे दोन जुने विद्यार्थी दिसले, शेजारी कानठळ्या बसवणारा भोंगा. मी रोस्माला म्हणालो, "मी मागे बसतो. भोंग्याने डोकं दुखेल."

"डोकं दुखेल का लोक बघतील?" ती म्हणाली. "जा. खांबामागे जागा आहे बघ, तुझ्यासाठीच बांधलाय."

मी खरंच खांबामागे बसलो.

यास्नीच्या समोर मेदानची, बटक जमातीची मुलगी होती, तियुर नावाची, खांद्यांनी रुंद. दोघी पिंजऱ्यात आल्या. आता घंटा होणार तोच यास्नी वळली आणि पुढच्या रांगेसमोर गुडघ्यावर बसली. तळवे जमिनीला लावले, जोडून कपाळाशी नेले आणि तशीच थांबली. लोकांत कुजबूज झाली, कुणी हसलंही. शहरातल्या बऱ्याच जणांना ते कळलं नसावं. मला मात्र कळलं. गावच्या रिंगणात उतरताना खेळणारा घराण्याच्या वडीलधाऱ्याकडे असाच थांबतो. वडीलधारा हात वर करतो. मगच पाय उचलायचा.

ती माझ्या खुर्चीकडे पाहत थांबली होती. पिंजऱ्यावरच्या दिव्यांच्या झोतात तिला खाली नुसत्या आकृत्याच दिसत असाव्यात.

पंच तिच्याशी काहीतरी बोलला. ती हलली नाही. मी खांबामागून अर्धा उठलो, हात कानापर्यंत नेला. शेजारच्या बाईने वळून पाहिलं आणि मी कान खाजवला.

तेवढ्यात पुढच्या रांगेत एक हात वर गेला. माझ्या रिकाम्या खुर्चीत कुणी जाडजूड गृहस्थ येऊन बसले होते. पुड्यातल्या सूर्यफुलाच्या बिया फोडत होते. मुलगी आपल्याकडेच बघतेय असं पाहून त्यांनी भलेपणाने, बियांचा पुडा धरलेला हात वर केला. यास्नीने मान लववली आणि उठली. समोर तियुर गोंधळून उभी होती. तिनेही कसेबसे हात जोडले.

मग मी पहिल्यांदा माझ्या भाचीला लढताना पाहिलं. लोक ओरडत होते, "धाव तिच्यावर." ती धावत नव्हती. तिरकं पाऊल टाकून थांबायची, तियुरला येऊ द्यायची. तियुर आली की ती तिथे नसायची, किंवा तियुरचा पाय तिच्या हातात असायचा. तिकिटं लावून बोलावलेल्या गर्दीसमोरही ती कुणाला शोधत नव्हती. आलेल्याला मात्र टाळत नव्हती. ती म्हण मी इतकी वर्षं चष्मा लावून नुसती वाचत होतो; आज दिसली. शेवटच्या फेरीत तिचा गुडघा दुमडला, दोन ठोसे बसले, आणि गुणांवर तियुर जिंकली. घंटा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चहाला उठलो नव्हतो. मी खांबाच्या पुढे उभा होतो.

नंतर आम्ही रस्त्यावर काडीला लावून भाजलेलं मांस विकणाऱ्या साते-वाल्याकडे बसलो. तियुरही आली. तिने दोन ताटं मागवली, दोन्ही स्वतःसाठी. यास्नीची भुवई सुजली होती, पण चेहरा उजळलेला.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही हात वर केलात ना, तेव्हाच म्हटलं, आता हरले तरी चालेल."

रोस्माने माझ्याकडे पाहिलं आणि रश्श्यात भाताची वडी बुडवली. ती गप्प बसली तर पुढे माझी सुटका होती. मी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला.

"तो मी नव्हतो," मी म्हणालो. "मी मागे बसलो होतो. तो कुणी बियावाला होता."

तियुरला ठसका लागला. रोस्माने तिच्या पाठीत थाप मारत म्हटलं, "तरीच हरली. परक्याच्या परवानगीने काय होणार?"

"आमच्याकडे तुलांगचा, म्हणजे मामाचा, आशीर्वाद नसला तर लग्नसुद्धा अडतं," तियुर डोळे पुसत म्हणाली. "आज मला बियावाल्याने वाचवलं म्हणायचं. तुलांग, पुढच्या वेळीही मागेच बसा."

यास्नी हसली नाही. सातेची काडी ताटाच्या कडेला नीट लावून ठेवत म्हणाली, "तुम्ही मागून बघितलंत?"

"बघितलं. शेवटपर्यंत."

"गुडघा वाकला तेसुद्धा?"

"तेसुद्धा. त्याआधी तू तिरकी थांबायचीस, ते जास्त."

तिने दुसरी काडी पहिलीच्या शेजारी ठेवली. मग म्हणाली, "मग खालच्या जागेचं कुणाला विचारू मामा? तो बियावाला कुठे राहतो, काही कळलं?"

"त्याला विचारू नकोस," मी म्हणालो.

एवढंच बोलता आलं. पण गावच्या बसमध्ये बसताना ती आईला म्हणाली ते मी ऐकलं, "आई, आज मामा तोंडाने बोलले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावरची पुस्तकं बाजूला सारली आणि लिहिलं:

"यास्नी, कोठाराच्या जागेत कुदळ मार. दातुकांशी मी बोलेन. बोलता आलं नाही तर त्यांच्या ओसरीवर जाऊन बसेन, ते विचारतील. पहिल्या दिवशी कोंबडा, कापड आणि सुरी घेऊन येतो. ज्या मुलीचा मामा येणार नाही, तिला मी सोपवेन, तोंडाने. कोंबडा मात्र तू धर. तुझा मामा."

पुन्हा वाचलं तर फाडीन, म्हणून वाचलं नाही.

पोस्टातल्या मुलीने पत्ता पाहिला. "काका, हे गाव तर डोंगरापलीकडेच आहे. फोन करा ना."

"तिने पत्राने विचारलं होतं," मी म्हणालो.

तिने तिकीट दिलं. मी ते जिभेने ओलं करून चिकटवलं, बाहेर आलो आणि पत्र पेटीत टाकलं.